वासाचं पाणी आणि बिनवासाचं पाणी

आमच्या मागल्या दारी एक जुनी दगडी डोण आहे, गुरं होती तेव्हाची. गुरं गेली, डोण राहिली. पावसाचं पाणी साठून डास व्हायला लागले म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडले होते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या उन्हात पाणी अर्ध्यावर आलं, तेव्हा मी नळाला नळी लावली आणि डोण काठोकाठ भरून टाकली. त्या दिवशी नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा असा वास होता की चहासुद्धा तसाच लागत होता. संध्याकाळी बघते तर मासे उताणे तरंगतायत.

जे पाणी माशांना मारतं ते झाडांना काय सोडणार? पडवीत माझ्या तीसेक कुंड्या. अबोली, मोगरा, अनंत, मिरची, कढीपत्ता. अनंताची पानं टोकाला जराशी करपली होतीच. मला आणखी पुरावा नको होता.

मग सुरू झाला खटाटोप. आधी पाणी उकळून गार करून घालत होते. चार दिवसांत गॅसकडे बघून ते सोडलं. जाऊबाईंनी तुरटी फिरवायला सांगितली. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्लोरीन जागच्या जागी राहतं. मालवणच्या बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्याकडे क्लोरीन मारायचे खडे मिळाले. हेच ते हायपो, पूर्वी फोटो धुणारे वापरायचे ते. काम चोख करतात, पण रोजच्या सहा बादल्यांना खडे कुठवर पुरवणार? शेवटी साधा उपाय पकडला: रुंद तोंडाच्या टपांत पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायचं. क्लोरीन हवेत उडून जातं, ऊन लागलं तर आणखी लवकर.

पण उघडे टप म्हणजे पुन्हा डास! आशाताई डेंग्यूच्या फेरीला आल्या आणि अंगणातली ती रांग बघून म्हणाल्या, "ताई, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळता ना? की नुसतं पाणीच पाळता?" लाजेने जुनी नऊवारी फाडून टपांवर बांधली.

नळाचं पाणी सोडायला येणाऱ्या भावाला मी एकदा गाठलंच. तो बिचारा रागावला नाही. खिशातून ओटी टेस्टची, म्हणजे क्लोरीन तपासायची बाटली काढली, ताज्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. टपातल्या कालच्या पाण्यात टाकले, काही नाही. "नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायलाच हवं, नाहीतर गावात जुलाब," म्हणाला. टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लिचिंग पावडरचं, नवं पोतं फोडलं की वास जास्त. आपल्या दमट हवेत उघडं पोतं पडून राहिलं की तीच पावडर मऊ पडते. माझ्या माशांच्या नशिबी नवं पोतं आलं होतं.

हिवाळा असा टप भरण्यात गेला. अनंत होता तसाच राहिला, ना सुधारला ना बिघडला. फेब्रुवारीत शेजारच्या काकीने माझी कसरत बघितली.

"त्या ब्लिचिंगच्या पाण्यान झाडां मरतली गो बाय. आमच्या बावीचा पाणी घेवन जा."

काकीची बाव, म्हणजे विहीर, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी नितळ, थंड, वासाचं नाव नाही. तिचे माड बघावेत असे तेजीत. मी हरखले, टप उलटे करून ठेवले आणि पाइप टाकून बावीचं पाणी घालायला लागले.

मार्चअखेर मिरचीची पानं कडेने तपकिरी झाली. एप्रिलमध्ये अबोली झडली. मोगरा ऐन बहरात कळ्या टाकायला लागला. मातीच्या कुंड्यांना बाहेरून पांढरी खरड आली, ती मी कुंडीचा चुना समजून घासत बसले! मे महिन्यात पुतण्या आला. तो पाणी शुद्ध करायच्या मशिनी बसवतो, त्यामुळे पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा टीडीएस मीटर सतत सोबत. गंमत म्हणून दोन्ही पाण्यांत बुडवला. नळाचं ११०. बावीचं १३६०.

तेव्हा कुठे मी ते पाणी जिभेवर घेतलं. मचूळ. खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात गोडं पाणी खाली जातं आणि उपसा चालू असला की खारं आत सरकतं, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण काकीच्या माडांनी माझे डोळे दिपवले होते. माडाला थोडं खारं चालतं, अनंताला नाही चालत.

आणि क्लोरीन? माशाच्या कल्ल्यांना ते थेट भिडतं म्हणून मासे मेले. कुंडीत मात्र शेणखत, पालापाचोळा, कुजकी माती असते. नळाच्या पाण्यातलं एवढंसं क्लोरीन तिथे वरच्या थरातच संपतं. शेण भिजवून करतात त्या जीवामृत खतातले जिवाणू क्लोरीनने मरतील, अशीही उगाच काळजी केली. २० लिटर पाण्यात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबाने क्लोरीन असणार सगळं मिळून १० मिलिग्रॅम, आणि समोर किलोभर शेण!

कुंड्या धुवायला दोन दिवस गेले. प्रत्येक कुंडीत नळाचं पाणी हळूहळू, खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. बशा काढून टाकल्या, नाहीतर तेच मीठ परत वर चढतं. उरलेलं काम जूनच्या पावसाने केलं. अबोली गेली ती गेलीच. मोगऱ्याला श्रावणात नवी पालवी आली.

काकीला काही हे पटलेलं नाही. "माझे माड बघ, मगे बोल." पाइप काढते म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं, म्हणून मी तो डोणीकडे वळवला. गप्पींना थोडं मचूळ पाणी चालतं आणि त्यात क्लोरीनही नाही. आता मासे बावीच्या पाण्यात आहेत आणि झाडांना नळाचं पाणी, थेट, ब्लिचिंगच्या वासासकट.