जिन्यातली सातवी पायरी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती चांगल्या हातभर जाड. उन्हाळ्यात त्यांचं फार कौतुक होतं, पण मोबाइलची रेंज काही त्यांच्या आत शिरत नाही. भाची एमएस युनिव्हर्सिटीत एमएस्सीला म्हणून राहायला आली आणि दोन दिवसांत तिने शोध लावला, की जिन्यातल्या सातव्या पायरीवर नेट येतं. तेव्हापासून ती पायरी तिची. आम्ही जाता-येता तिला ओलांडतो.

मला वाटायचं, रील्स बघत असेल. एकदा वाकून पाहिलं, तर खरोखरच एक प्राध्यापक फळ्यावर समीकरण मांडत होते. पण दीडपट वेगाने, पुढचं लग्न गाठायचं असलेल्या भटजींसारखे!

"एनपीटेलचं, म्हणजे आयआयटीवाल्यांचं ऑनलाइन लेक्चर आहे, मावशी. सावकाश ऐकलं की झोप येते."

रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो. मग बाई रात्री बाराची वाट बघत बसतात. बाराला नवा डेटा आला, की शोधगंगेवरचा, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला, कुणाचा तरी प्रबंध उतरवायचा. ही गंगा आपल्या गांधीनगरहून निघते, हेही मला तिनेच सांगितलं.

आमच्या वेळी युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीतले संदर्भग्रंथ घरी मिळत नसत. तक्तेच्या तक्ते हाताने उतरवायचे. उतरवता उतरवता निम्मं डोक्यात बसायचं, असं मी तिला ऐकवते. तिच्या फोनमध्ये चारशे स्क्रीनशॉट आहेत, त्यातले किती परत उघडले कोण जाणे.

"आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात असलं तर?"

तर काय, समोर बसून राहायचं. हे मी तिला सांगितलं नाही.

माझे आजोबा पादऱ्याजवळच्या एका गावात मास्तर होते. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्यानंतर पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पेटी आली, की आधी कोण नेणार यावरून शाळेत भांडणं व्हायची, असं आजोबा सांगत. किल्ली त्यांच्याकडे, त्यामुळे आपलं पुस्तक ते आधीच काढून ठेवत!

काल मला दूधवाल्याला पैसे पाठवायचे होते. पायरीवर ही.

"पाचच मिनिटं थांब ना, एवढं प्रकरण उतरू दे."

मी सहाव्या पायरीवर बसले. दारात दूधवाला सायकलची घंटी वाजवत होता.