आधी जहाजाचे नाव

आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलेला एखादा पूर्वज सरकारी दप्तरांतून शोधायचा तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मला ऑस्ट्रेलियातले मित्र आणि शेजारी वारंवार विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: नावाच्या मागे लागू नका, आधी जहाज शोधा.

१७९१ मध्ये ‘क्वीन’ हे जहाज कॉर्कहून कैदी घेऊन सिडनीला आले, आणि तेव्हापासून १८५३ पर्यंत आयर्लंडमधून सुमारे ४०,००० स्त्रीपुरुष न्यू साउथ वेल्स आणि टास्मानियात पाठवले गेले. त्यांत जॉन केली आणि मेरी मर्फी इतक्या आहेत की नुसत्या नावाने कोणीच हाती लागत नाही. वसाहतीच्या कारकुनांचीही हीच पंचाईत होती. म्हणून ते कैद्याच्या नावापुढे जहाजाचे नाव लिहीत, आणि सुटका झाल्यावरही ते त्याला आडनावासारखे चिकटून राही. पुढे गाजलेला ऑस्ट्रेलियन दरोडेखोर नेड केली याचे वडील जॉन केली हे आयर्लंडच्या टिपेररी परगण्यात दोन डुकरे चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन ‘प्रिन्स रीजंट’ जहाजाने जानेवारी १८४२ मध्ये टास्मानियातील होबार्टला उतरले. जहाज ठाऊक असले की त्या नावाच्या गर्दीतून हाच माणूस वेगळा काढता येतो.

जहाज ठाऊक नसेल तर मृत्यूपासून मागे यावे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील जुन्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावे असतात आणि मृत व्यक्ती वसाहतींत किती वर्षे राहिली याचाही रकाना असतो. आमच्या शेजारच्या आजींच्या घरी पणजोबा स्वखुशीने आले असेच सांगत. त्या रकान्यातली वर्षे वजा केल्यावर आम्ही होबार्टच्या कैद्यांच्या वर्णनवहीपर्यंत पोहोचलो. तिथे उंची, कपाळ, भुवया, नाक, हनुवटी असे एकेक अवयव ओळीने नोंदलेले होते आणि शेवटी डाव्या हातावर गोंदलेली दोन अक्षरे होती. मृत्यूनोंदीत दिलेल्या त्यांच्या आईच्या नावाची तीच आद्याक्षरे होती. आजी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. ज्याने स्वतःच्या हाताने एक ओळही लिहून ठेवली नाही, त्याचा चेहरा आपल्याला तुरुंगाच्या कारकुनामुळे दिसतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आयर्लंडकडची बाजू अधिक कठीण आहे, कारण जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील दप्तरखाना जळाला आणि शतकांचे कागद राख झाले. सुदैवाने १८३६ पासूनच्या हद्दपारीच्या नोंदवह्या डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेल्या असल्यामुळे वाचल्या. त्यांत गुन्हा, शिक्षा आणि खटल्याचे ठिकाण मिळते. मात्र लिव्हरपूल किंवा लंडनमध्ये शिक्षा झालेला आयरिश माणूस या वह्यांत शोधण्यात अर्थ नाही. त्याची नोंद इंग्लंडच्या कागदांत असते.

१८३६ च्या आधीच्या माणसासाठी दयेचे अर्ज पाहावेत, आणि नंतरच्यासाठीही ते चुकवू नयेत. शिक्षा कमी करावी म्हणून कैद्याने, त्याच्या बायकोने किंवा आईने केलेले हे अर्ज बहुधा दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेले असतात आणि खाली सहीऐवजी फुली असते. अर्जात मुले किती, खंड किती थकला, कोणत्या पाद्र्याने शिफारस केली, हे सगळे येते. आणि जहाजाच्या यादीत जिथे नुसते ‘टिपेररी’ लिहिलेले असते, तिथे या अर्जात पुष्कळदा गावाचे नाव सापडते.