न निघालेल्या गाड्या

दुपारी हुमण-भात जेवून झालं की आमच्या फोंड्याच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पंख्याखाली जो तो आपापल्या जागी आडवा होतो. परवा मात्र बाहेरच्या खोलीतून कट्‌ कट्‌ असा आवाज थांबेना, म्हणून उठलो. वास्कोहून सुट्टीला आलेला भाचा टेबलावर वर्तमानपत्र पसरून, माझ्याच नेलकटरनं प्लास्टिकच्या चौकटीतले सुटे भाग तोडत बसला होता. सी हॅरियर विमान, स्केल १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. वरची बाजू अजून कोरी होती आणि हा पठ्ठ्या मधूनच ब्रश घेऊन पोटाला रंग देत होता.

“अरे, खाली कोण बघणार आहे?”

“मामा, पप्पांनी सगळी हॅरियरं खालूनच बघितलीत.”

यावर काय बोलणार? दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे, २०१६ पर्यंत ही विमानं तिथून उडायची. वास्कोच्या माणसाला विमान म्हणजे पोटच. मी परत येऊन पडलो, पण झोप काही येईना, कारण माझा जुना चाळा सुरू झाला होता.

जी गाडी, जे विमान कधी बाजारात आलंच नाही, त्याचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायची छोटी प्रतिकृती, मी मनात काढतो. जोडत नाही हं. जोडायला चिकाटी लागते आणि गोंद लागतो, दोन्ही माझ्याकडे नाही. मी नुसतं खोकं तयार करतो. वर चित्र कसलं, आत भाग किती, पाण्यात भिजवून चिकटवायच्या नंबरप्लेटवर गोव्याचं जुनं जीडी की नवं जीए, रंग कुठले. स्केल ठरवण्यात तर तास जातो. रणगाड्यांची किटं १:३५ ची का असतात? तर जपानच्या टामियानं पँथर रणगाडा काढला तेव्हा त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावल्या ते माप नंतर मोजलं तर साधारण पस्तिसावा हिस्सा भरलं, आणि मग बाकीच्यांनीही तेच धरलं. एवढ्या काटेकोर लोकांचं माप बॅटरीनं ठरवलं, हे आठवलं की मला अजून बरं वाटतं.

खोक्याचा नाद लागला तो शेजारच्या तारवटी, म्हणजे खलाशी अंकलमुळे. बोटीवरून सुट्टीला आले की त्यांच्या पेटीतून चॉकलेटं, साबण आणि मुलासाठी एअरफिक्स कंपनीच्या किटचं एखादं खोकं निघायचं. झाकणावर काय थाट असायचा! पेटलेलं आकाश, खाली खवळलेला समुद्र, विमानाच्या पंखातून गोळ्या सुटतायत. आणि झाकण उघडलं की करड्या प्लास्टिकच्या काड्या. मुलगा कुणाला हात लावू द्यायचा नाही, पण माहितीपत्रक वाचायला द्यायचा. वाचायला म्हणजे बघायला, कारण त्यात बहुतेक बाण आणि आकडेच असायचे. सत्तावीस नंबरचा भाग अठ्ठाविसात सरकतो, मग दोघे मिळून एकोणतिसाकडे जातात. ती पानं मी गोष्टीच्या पुस्तकासारखी पुन्हापुन्हा पाहिली. विमान जोडून झालं की ते कपाटावर जाऊन धूळ खायचं आणि माझा त्यातला रस संपायचा.

आमच्याकडे तेव्हा एकच गाडी होती, पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण. कुळागरात पडलेली रुंद, ताजी विरी बघून घ्यायची, एकानं बसायचं, दुसऱ्यानं चुडताचा दांडा धरून पाटाच्या कडेनं ओढत न्यायचं. ब्रेक म्हणजे चड्डी. घरी गेल्यावर त्या ब्रेकचा हिशोब आई वेगळा करायची. विरीचं किट मात्र मी कधी केलं नाही. एकाच भागाचं किट कोण विकत घेईल?

हा चाळा माझ्या एकट्याचा नाही, धंदेवाईकांनीही केलाय. १९८६ साली अमेरिकेत टेस्टर्स कंपनीनं एफ-१९ नावाच्या विमानाचं किट काढलं. असं विमान नव्हतंच. रडारला न दिसणारं काहीतरी गुपचूप बनतंय एवढी कुणकुण होती, बाकी सगळा अंदाज. गुळगुळीत, वळणदार विमान केलं आणि ते हातोहात खपलं. तिकडच्या काँग्रेसमध्ये तक्रार झाली की आम्हाला जे दाखवत नाहीत ते पोरांना दुकानात कसं मिळतं! १९८८ मध्ये सरकारनं खरं विमान, एफ-११७, जगासमोर आणलं तर ते सगळं कोनाकोनांचं निघालं. मला विचाराल तर किटच देखणं होतं. जर्मनीच्या कुर्ट टांक यांचं टीए-१८३ विमान दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कागदावरच होतं, त्याचंही किट मिळतं. हेच टांक पुढे बंगळूरला येऊन आपलं मारुत हे लढाऊ विमान करून गेले.

आपल्याकडची माझी लाडकी म्हणजे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची ‘मीरा’. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत या गृहस्थांनी सर्वसामान्यांना परवडेल अशा छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने केले. एकही बाजारात आला नाही. मीराचं खोकं मी केव्हाच तयार केलंय. झाकणावर पंचगंगेचा काठ, उसाची शेतं, गाडीत नवरा-बायको आणि मागे कोंबलेली दोन पोरं. पण पत्रकाच्या चौथ्या पायरीवर घोडं अडलंय. गाडी उलटी करायची वेळ येते आणि खाली काय दाखवायचं ते सुचत नाही. मी पाहिलेले फोटो पुढून नाहीतर बाजूनं काढलेले आहेत. गाडीच्या पोटाचा फोटो कशाला कोण काढेल? मनातून तिथं काहीतरी ठोकून द्यावं तर शंकररावांची लाज वाटते. त्यांनी इतकी वर्षं घासली आणि मी पंख्याखाली पडून सायलेन्सर कुठंही लावायचा?

स्कायबसचं बरोबर याच्या उलट. कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांच्या डोक्यातून निघालेली ही गाडी मडगावला खांबांवर चढली होती. वर काँक्रीटची पोकळ तुळई, तिच्या आत रूळ, रुळांवर चाकं, आणि डबा खाली लोंबकळत. म्हणजे पोट सगळ्या मडगावानं मान वर करून पाहिलेलं, आणि टप मात्र आमच्यापैकी कुणीच नाही. चाकं तर आतच दडलेली. किट जोडणाऱ्याची सगळी मजा चाकांत असते, ती इथं झाकून टाकायची! शिवाय चाचणीचा मार्ग होता १.६ किलोमीटर. १:७२ नं तो बावीस मीटर होतो. आमच्या न्हाणीपासून सुरू केला तर स्वयंपाकघर, माजघर, पडवी ओलांडून, तुळशीला वळसा घालून शेजाऱ्यांच्या फणसाखाली टर्मिनस काढावं लागेल. शेजारी देतील परवानगी. बायको देणार नाही.

पुढे त्या खांबांचंही भंगार झालं. माझं खोकं तेवढं जागेवर आहे. झाकणावर डबा, खाली पायलटांच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या, पिवळ्या मोटारसायकली, मागे पावसाळी आभाळ. अडतं ते माणसांपाशी. अशा किटात बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी माणसं द्यायची पद्धत असते. मी मासळीवाली दिली होती, कॉलेजला निघालेली दोन पोरं, उन्हानं लाल झालेला एक रशियन. पण तिकीट काढून या गाडीत कुणी कधी बसलंच नाही. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणी चालू असताना अपघात झाला आणि कोकण रेल्वेचा एक कर्मचारी त्यात गेला. तेव्हा किट खरं करायचं तर मासळीवालीला उतरवावं लागतं, पोरांना उतरवावं लागतं, रशियनालाही. मग चाचणीवरची माणसं उरतात, आणि त्यांच्यात तो, ज्याची बाहुली करायला माझा हात धजत नाही.