देवांची भांडणं पत्त्यांवर: आमचे नियम

सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची आणि प्रत्येकाने एकेक देव खेळायचा, असा रोलप्लेइंग गेम असला की गाडी हमखास अडते ती भांडणावर. देव मरत नाही, दमत नाही, मग तलवार लागली, इतके पॉइंट गेले हा हिशोब तिथे लागूच पडत नाही, आणि एकाने म्हणायचं मी वीज पाडतो, दुसऱ्याने म्हणायचं मी ती अडवतो, हे रात्रभर चालू राहू शकतं. माझं याबाबतीत मत पक्कं आहे, देवांच्या भांडणात कोण जिंकलं त्याहून खाली जगात काय मोडलं हे जास्त महत्त्वाचं, आणि नियम तिथूनच सुरू व्हायला हवेत.

पत्ते का, फासे का नाहीत? फाशाला मागचं काही आठवत नाही, सहा पडायची शक्यता दर वेळी सहात एकच. कॅटमध्ये मात्र एक्के चारच, एक पडला की परत पिसेपर्यंत तो गेला, आणि हे टेबलावरच्या सगळ्यांना दिसत असतं त्यामुळे कोणाकडे अजून काय असेल याचा अंदाज बांधत माणसं खेळतात. देवांना हे शोभतं. १९९४ साली आलेल्या कॅसल फॉल्कनस्टाईन या गेममध्येही फासे नाहीत, पत्तेच आहेत, आणि तिथे प्रत्येक रंगाला अर्थ आहे, म्हणजे किलवर अंगाच्या ताकदीचा, बदाम भावनांचा वगैरे. आमच्या गेममध्ये इस्पिक म्हणजे विनाश, किलवर म्हणजे निसर्ग, चौकट म्हणजे घडवणं आणि बदाम म्हणजे माणसांची मनं. जे पान टाकाल त्याच रंगाचं कृत्य तुमच्या देवाने करायचं, इस्पिक टाकून आशीर्वाद देता येत नाही.

प्रत्येकाला पाच पानं वाटायची. ज्याला भांडण काढायचंय त्याने आपल्याला जगात काय बदलायचंय ते एका वाक्यात सांगायचं, आणि जो आडवा येतो त्याने ते भांडण कुठे होणार ते ठरवायचं. मग त्या जागेवरून बाकीचे खेळाडू हुकूम ठरवतात, समुद्रात किलवर, शहरात चौकट, रणांगणावर इस्पिक. दोघांनी एकेक पान पालथं ठेवायचं, एकदम उलटायचं. हुकूम बाकी सगळ्यांना कापतो, दोन्ही हुकूम असले किंवा एकही नसला तर मोठं पान जिंकतं, आणि हुकूम नसलेली दोन सारखी पानं आली तर दोघांचंही म्हणणं अर्धंअर्धं खरं होतं, ज्यातून फार विचित्र प्रदेश तयार होतात आणि मला ते खूप आवडतात.

आता माझा सगळ्यात लाडका नियम. जिंकणाऱ्याचं पान परत पिसेपर्यंत जातं, हरणाऱ्याचं त्याच्या हातात परत येतं, आणि या सगळ्याची किंमत जगाने काय मोजली ते हरणारा सांगतो. उदाहरण देते. वणव्याच्या देवाला डोंगरावरचं जंगल हवं होतं, नदीच्या देवीने भांडण स्वतःच्या काठावर ओढलं, हुकूम अर्थातच किलवर. त्याने इस्पिकचा राजा टाकला, तिने किलवरची तिर्री, आणि तिर्रीने राजा कापला. जंगल वाचलं. मग वणव्याच्या देवाचा खेळाडू म्हणाला, पाऊस एवढा पडला की खालची तीन गावं वाहून गेली आणि त्या गावांत हिच्याच मूर्ती होत्या. देवी जिंकली, पण हातात पानं चार आणि भक्त नाहीत.

भक्त नसले तर नवीन पान मिळत नाही, हे महत्त्वाचं. पान ओढायचं असेल तर आपल्याला मानणाऱ्या एखाद्या साध्या माणसाचा छोटा सीन खेळायचा, तो काय मागतोय, का मागतोय, आणि मगच एक पान. त्यामुळे मोठमोठे देव अधूनमधून मुकाट खाली उतरून कुणाच्या तरी आजारी पोराजवळ बसतात, आणि खरं सांगू, गेममधले सगळ्यात सुंदर सीन तेच असतात.

एक्का हुकुमालाही कापतो. फक्त तो टाकणाऱ्याने स्वतःच्या देवाची एक गोष्ट कायमची सोडायची, नाव, चेहरा, एखादी शक्ती, काहीही, पण परत न मिळणारी. दोघांनी एक्का टाकला तर दोघांचंही जातं आणि ते भांडण त्या युगापुरतं बंद. आणि युग कधी संपतं, तर कॅट संपला की. पाच खेळाडू असतील तर पंचवीस पानं हातात, सत्तावीस मध्ये, म्हणजे युग वाटतं तेवढं लांब नसतं. मग सगळी पानं पिसायची, जगात शंभर वर्षं जातात, आणि प्रत्येकाने सांगायचं की आपल्या देवाबद्दल लोकांना आता काय चुकीचं आठवतंय.

दोन्ही जोकर मात्र कॅटमध्ये ठेवाच (वरचा सत्तावीसचा आकडा मग एकोणतीस होतो). भांडणात जोकर उलटला की दोन्ही देव बाजूला, ज्यांच्यावरून भांडण चाललंय ती माणसं स्वतःच निर्णय घेतात आणि त्यांच्या वतीने बाकीचे खेळाडू बोलतात. दोन्ही देवांना तो निर्णय मान्य करावाच लागतो.