पाच डॉलर आणि साडेतीन हजार मैल

५ मे १८९६ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाकडील स्पोकेन शहरातून हेल्गा एस्टबी आणि तिची थोरली मुलगी क्लारा न्यूयॉर्कला पायी निघाल्या. १८९३ च्या मंदीने घराचे कंबरडे मोडले होते, सुतारकाम करणारा नवरा दुखापतीमुळे घरी बसला होता आणि स्पोकेनजवळच्या मायका क्रीक गावचे शेत कर्जापायी हातचे जाणार होते. आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढला तेव्हा आई मध्यरात्री उठून अंथरुणावर नुसती बसून राहत असे. म्हणूनच घरी लहान मुले टाकून निघालेल्या हेल्गाला वेडी म्हणणे मला जमत नाही.

ही पायपीट एका पैजेसाठी होती आणि ती पैज १०,००० डॉलरची होती. प्रत्येकीने पाच डॉलर घेऊन निघायचे, भीक मागायची नाही, वाटेत कष्ट करून पोट भरायचे आणि मुदतीत पोचायचे. त्यांच्या सामानात पिस्तूल होते, हल्लेखोरावर मिरपूड उडवण्याचे साधन होते आणि क्लाराचे केस कुरळे करण्याचा चिमटाही होता. त्या चिमट्यापाशी मी दर वेळी थबकते, कारण दारोदार काम मागायला जाणाऱ्या त्या तरुण मुलीला नीटनेटके दिसायचे होते.

रेल्वेच्या रुळांचा माग धरून त्या सुमारे साडेतीन हजार मैल चालल्या. आयडाहोच्या लाव्हाच्या खडकाळ प्रदेशात वाट चुकल्या, पुढे क्लाराचा पाय मुरगळला, तरीही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून नुकतेच निवडून आलेले मॅकिन्ले यांना ओहायो राज्यातील कँटन येथे भेटून २३ डिसेंबरला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. पैज लावणाऱ्याने पैसे दिले नाहीत. परतीच्या भाड्यालाही पैसे नसल्याने त्या तिथेच अडकल्या आणि त्या काळात घटसर्पाने हेल्गाची दोन मुले दगावली. पुढे शेतही गेले.

आई नसताना भावंडांचे मरण पाहिलेल्या मुलांनी तिला क्षमा केली नाही आणि त्या प्रवासाचा विषय घरात वर्ज्य झाला. त्यांचा राग मला समजतो. मात्र उतारवयात हेल्गाने लिहून काढलेली हकीकत १९४२ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मुलींनी जाळून टाकली, हे मला आजही सहन होत नाही, कारण त्या आगीत क्लाराच्याही साडेतीन हजार मैलांची राख झाली. वर्तमानपत्रातील जुनी कात्रणे तेवढी सुनेने वाचवली आणि जपून ठेवली.