‘सेल्डम’ आणि ‘क्वचितच’मधला ‘च’
‘सेल्डम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ सहसा ‘क्वचित’ असा सांगितला जातो, परंतु माझ्या मते ‘क्वचितच’ हाच त्याचा खरा प्रतिशब्द आहे. ‘तो क्वचित येतो’ म्हटले की त्याचे येणे लक्षात राहते. ‘क्वचितच येतो’ म्हटले की न येणे. करामत सगळी त्या एका ‘च’ची. ‘सेल्डम’ मुळातच नकाराकडे झुकलेला असल्यामुळे त्याच्यासोबत ‘नॉट’ लावत नाहीत, ‘ही सेल्डम कम्स’ या होकारार्थी दिसणाऱ्या वाक्यामागून ‘डझ ही?’ असाच प्रश्न येतो, आणि हा शब्द वाक्यारंभी आला तर ‘सेल्डम डू वी मीट’ याप्रमाणे साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. बोलण्यात मात्र तो स्वतःही क्वचितच भेटतो. तिथे ‘रेअरली’ किंवा ‘हार्डली एव्हर’ अधिक सहज वाटते.