थिनरचा डबा कुणाचा?

इंदिरानगरच्या आमच्या रो-हाऊसमधलं गॅरेज दिवाळीआधी रिकामं केलं. लोखंड भंगारवाल्याने नेलं, जुनी इन्व्हर्टर बॅटरी दुकानदाराने नवीच्या बिलात वळती करून घेतली. अडलं ते थिनरच्या अर्ध्या कॅनवर आणि ऑइलपेंटच्या उरलेल्या डब्यांवर.

घंटागाडीवाल्या दादांनी कॅन हुंगला. "नको साहेब, गाडीत पेट घेतला तर?" खरंच होतं त्यांचं. त्यांनी पाठवलं एका कार्यालयात. खिडकीवर उत्तर तयारच होतं, "भंगारात द्या." भंगारवाला रिकामे डबे घेतो, भरलेले नाही. "मग ओतून रिकामे करा की." कुठे ओतू? नासर्डी नदीत? मी तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांचं पानच पुढे ठेवलं: घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र हवं. आपलं कुठलं? साहेब जेवायला गेलेत. साहेब आले, म्हणाले अर्ज द्या. अर्ज लिहिला, तर आवक-जावकची वेळ संपलेली. पुढच्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायची तयारी नाही! मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. शिक्का मारायची वेळ आली तेव्हा कुठे साहेबांनी स्वच्छता निरीक्षकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळा डबा आला, कॅन गेला, सोबत जुन्या ट्यूबलाइटही गेल्या. तेव्हा कागद देताना पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गाडीचं जळकं ऑइल मात्र अशा फेऱ्यांत अडकवू नका. आमच्या गॅरेजवाल्याने ते हसत घेतलं, त्याच्याकडे ड्रम उचलायला माणूस येतो.

थिनर, पेट्रोल घरात ठेवूच नये. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, शटर बंद असलं की फरशीलगत साचते आणि जवळ गॅस गिझर असेल तर ठिणगी पुरते. उलट बॅटरी चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हलका, वर जातो. म्हणून शटरच्या तळाशी जाळी ठेवली आणि भिंतीत वर झरोका पाडून घेतला. गवंडी कुरकुरला, पण पाडला.

हो, एक राहिलंच. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेले बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. उघड्यावर एकेक पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.